ऐकत नाही, एका जागी बसत नाही

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरचं कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. गेल्या वीसेक वर्षांत या गावाचं रूप दोन गोष्टींनी पालटलं. पहिली गोष्ट म्हणजे कामगारांच्या वसाहती. २००६ साली गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत इथं उभी राहिली. मग असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर आलं आणि त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. दुसरी गोष्ट म्हणजे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की बालरोग आणि मानसोपचार हे विभाग आलेच. म्हणजे मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी आई आणि मुलांच्या वागणुकीवर उपचार करणारे डॉक्टर एकाच गावच्या हद्दीत आहेत. महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना हे भाग्य लाभलं आहे. म्हणूनच या लेखातल्या उपचाराबद्दल बोलताना मला पुण्या-मुंबईच्या क्लिनिकपेक्षा कुंभारी डोळ्यांसमोर ठेवावीशी वाटते. हा उपचार इथं जमला, तर राज्यात कुठंही जमेल.

हा उपचार मुलावर होत नाही, आई-बापांना शिकवला जातो. त्याला पालक-प्रशिक्षण म्हणतात.

ज्या मुलांसाठी तो आहे, त्यांच्याबद्दलची तक्रार सगळ्या घरांत साधारण सारखीच असते. लई दंगा करतंय. एका जागी बसत नाही. दप्तर शाळेत विसरून येतं. सांगितलेलं कानावरच घेत नाही, रागावलं की उलट बोलतं, सामान फेकतं, भावंडाला मारतं. यातलं थोडंफार प्रत्येक मूल करतं आणि त्यानं ते करावंही. आजार म्हणण्यासाठी कसोट्या बऱ्याच कडक आहेत. एडीएचडी, म्हणजे अवधानाची अस्थिरता आणि अतिचंचलता, याचं निदान करताना लक्षणं वयाच्या बारा वर्षांआधी सुरू झालेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. फक्त आजीसमोर नाचणारं आणि वर्गात शांत बसणारं मूल या व्याख्येत बसत नाही. ओडीडी, म्हणजे विरोध आणि अवज्ञेचा विकार, यात सतत चिडणं, मोठ्यांशी हुज्जत घालणं, मुद्दाम नियम मोडणं, दुसऱ्याला डिवचणं, आपली चूक दुसऱ्यावर ढकलणं, डूख धरणं अशी आठ लक्षणं सांगितली आहेत. त्यांपैकी चार किमान सहा महिने, वयाच्या मानानं खूपच जास्त प्रमाणात दिसावी लागतात.

जगभरातल्या अभ्यासांचा ढोबळ मेळ घातला, तर शंभरातल्या सुमारे पाच मुलांना एडीएचडी असतो. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोघांना. हे दोन विकार पुष्कळदा एकत्र येतात. अमेरिकेत एडीएचडीच्या ५७९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे ४० टक्के मुलांना ओडीडीही होता. मुलग्यांमध्ये निदान जास्त होतं आणि मुलींमध्ये कमी. त्याचं एक कारण असं की मुलगी बहुधा दंगा करत नाही, ती खिडकीबाहेर बघत बसते. वर्गात त्रास न देणाऱ्या मुलीला दवाखान्यात कोण नेणार?

निदानाच्या आधी काही गोष्टी तपासाव्याच लागतात. मुलाला नीट ऐकू येतं का, फळा दिसतो का, झोप पुरते का, रक्त कमी आहे का, फिट येते का, वाचन-लेखनातलं अध्ययन-अक्षमत्व आहे का. कानात मळ किंवा पू असलेलं मूलही ‘ऐकत नाही’.

अशा मुलांच्या घरांत सगळ्यात आधी आईवर बोट ठेवलं जातं. आईनं लाडावून ठेवलंय, आईला वळण लावता आलं नाही, असं सासरची, शेजारची, कधी कधी शाळेतलीही माणसं म्हणतात. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून मात्र कळतं, की एडीएचडी कुणाला होतो आणि कुणाला नाही या फरकाचा ७० ते ८० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. मेंदूची चित्रंही तेच सुचवतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की मेंदूच्या बाहेरच्या आवरणाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसात वर्षांच्या वयात कमाल पातळी गाठते, तर एडीएचडीच्या मुलांत ती साडेदहाच्या आसपास. आवर घालणं, वाट पाहणं, ठरवलेलं लक्षात ठेवणं ही कामं ज्या भागांकडे असतात, त्यांच्यातच हा उशीर जास्त होता. एडीएचडीच्या आठ वर्षांच्या पोराकडून आपण इतर आठ वर्षांच्या पोराइतक्याच आवराची अपेक्षा करतो, तिथं पहिली ठिणगी पडते.

मग दोष आई-बापांचा नसेल, तर प्रशिक्षण त्यांना का? मुलाला मधुमेह झाला की आईला इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला शिकवतात, तेव्हा मधुमेह तिच्यामुळे झाला असं कुणी म्हणत नाही. मुलाबरोबर दिवसभर जे असतात, त्यांच्याच हाती उपचार द्यावा लागतो.

आता एका घरात डोकावू. हे कुण्या एका कुटुंबाचं वर्णन नाही, पण या वसाहतींमध्ये असं घर शोधायला लांब जावं लागणार नाही. संध्याकाळचे सहा. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पानं. मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि हजाराला अजून बरंच कमी आहे. पोरगं टीव्हीसमोर. आई मान वर न करता म्हणते, “अभ्यासाला बस.” उत्तर नाही. “किती वेळा सांगायचं रे तुला? बस की!” “थांब ना.” आईचा हात चालूच. पान वळलं, दोरा गुंडाळला, टोक दुमडलं. पाचव्यांदा सांगताना तिचा आवाज चढतो, पोरगं त्याहून वर ओरडतं, वही भिरकावतं, ती सुपावर आदळते, तंबाखू सांडते. इथून दोन वाटा फुटतात. एक तर आई थकून म्हणते, “जा, नको करू, काय करायचं ते कर.” नाही तर उठते आणि दोन ठेवून देते.

पहिल्या वाटेवर पोरगं शिकलं, की पुरेसा धिंगाणा घातला की अभ्यास टळतो. आई शिकली, की आपण माघार घेतली की घर शांत होतं. दुसऱ्या वाटेवर आई शिकली, की पाच वेळा सांगून जे होत नाही ते एका फटक्यात होतं. पोरगं शिकलं, की पहिली चार वेळा सांगितलेलं ऐकायची गरज नाही, खरं सांगणं पाचव्याला येतं. दोघांनाही त्या क्षणी सुटका मिळते, म्हणून दोघंही उद्या तेच करतात. फक्त उद्या आवाज थोडा आणखी वर जातो आणि हात थोडा आणखी जोरात पडतो. यात कुणी वाईट नाही. दोघंही एकमेकांना रोज थोडं थोडं शिकवत आहेत, आणि शिकवत आहेत ते चुकीचं.

हा सापळा सगळ्यात बारकाईनं उलगडला तो अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञानं. त्याची माणसं घरोघरी जाऊन बसत आणि आई काय म्हणाली, मुलानं काय केलं, मग आईनं काय केलं याची क्षणाक्षणाची नोंद करत. त्यातून १९८२ साली त्याचं या विषयावरचं पायाभूत पुस्तक आलं. त्याच राज्यात कॉन्स्टन्स हॅन्फ या बाईंनी साठच्या दशकाच्या अखेरीस पालकांना शिकवण्याची दोन टप्प्यांची पद्धत बसवली. आधी मुलाशी नातं दुरुस्त करायचं, मग शिस्त लावायची. शीला आयबर्ग, कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन, रसेल बार्कली यांनी पुढे बांधलेले आणि आज जगभर चालणारे कार्यक्रम याच पद्धतीचा वारसा सांगतात. या क्रमाचं महत्त्व आपल्याकडे फार कमी लोकांना पटतं. बहुतेक आई-बाप शिक्षा कशी करायची ते विचारायला येतात, आणि त्यांना आधी खेळायला सांगितलं जातं.

रोज दहा-पंधरा मिनिटं, मुलाच्या आवडीचा खेळ. खेळ तो ठरवणार. मोठ्यानं सूचना द्यायच्या नाहीत, शिकवायचं नाही, “हा कुठला रंग?” असं विचारायचंही नाही. तो करतोय ते फक्त बोलून दाखवायचं: “अरे वा, तू बुरुज उंच केलास, आता वर झेंडा लावतोयस.” ऐकायला हे फार सोपं वाटतं. पण ज्या घरात महिनोन्‌महिने आईचं पोराशी होणारं प्रत्येक बोलणं म्हणजे सूचना किंवा तक्रार, तिथं ही दहा मिनिटं काढताना जीव मेटाकुटीला येतो. पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या तोंडून “असं नाही, इकडं लाव” निघतंच. विड्या वळणाऱ्या आईला वेगळी दहा मिनिटं कुठली, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर तिच्याबरोबर बसूनच काढावं लागतं. कारखान्यात माल देऊन परत येतानाची वाट, रात्री अंथरूण घातल्यावरचा वेळ, असं काही तरी. जो वेळ रोज मिळेल तो चालतो, पण तो शिक्षा म्हणून कधीही काढून घ्यायचा नाही.

दुसरं शिक्षण कौतुकाचं. आपल्याकडे यावर मोठा आक्षेप असतो. कौतुक केलं की पोर डोक्यावर चढतं, दृष्ट लागते, आणि स्वतःचं ताट उचललं यात कसलं कौतुक? एडीएचडीच्या मुलाच्या बाबतीत कौतुकाचं काम वेगळं आहे. या मुलांच्या मेंदूला लांबचं बक्षीस ओढत नाही. परीक्षेत पहिला आलास तर सायकल, हे आमिष त्यांच्यासाठी जवळजवळ नसल्यासारखंच. जे होईल ते लगेच व्हावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा. म्हणून चप्पल जागेवर ठेवताक्षणी “चप्पल जागेवर ठेवलीस, छान केलंस” म्हणायचं. काय छान केलं ते नेमकं सांगायचं. नुसतं “शहाणं माझं बाळ” म्हटल्यानं त्याला कळत नाही की नेमकं काय पुन्हा करायचं. आणि “आज बरा वागलास, रोज असं वागायला काय होतं?” हे कौतुक नव्हे, तो टोमणा आहे आणि पोराला तो बरोबर कळतो.

मग सूचना देण्याची रीत. लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, नाव घ्यायचं, डोळ्यांत बघायचं, टीव्ही बंद करायचा आणि एकच गोष्ट सांगायची: “वही काढ.” “आवरून, हातपाय धुऊन, वही घेऊन अभ्यासाला बस” ही चार कामं झाली, त्यातली तीन तो उठेपर्यंत विसरलेला असतो. “बसतोस का जरा?” असं विचारायचं नाही. विचारलं तर “नाही” हे उत्तर मान्य करायची तयारी हवी. सांगून झालं की मनात पाच आकडे मोजत गप्प राहायचं. ही पाच सेकंदं फार अवघड जातात. बहुतेक मोठी माणसं दुसऱ्या सेकंदालाच पुन्हा तेच बोलतात. सूपवाल्या घरात याचा अर्थ असा, की आईनं दिवसभरात दहाच सूचना द्याव्यात, पण त्या देताना सूप खाली ठेवून उठावं. पाच वेळा बसून ओरडण्यापेक्षा एकदा उठण्यात शेवटी वेळ कमीच जातो.

त्यानंतर टोकनची पद्धत येते. परदेशी पुस्तकांत त्यासाठी प्लास्टिकच्या चकत्या सुचवतात. आपल्याकडे चिंचोके आहेत. एक डबा घ्यायचा, रोजची तीन-चार कामं ठरवायची. सकाळी एका हाकेत उठला, एक चिंचोका. दप्तर भरलं, एक. बहिणीला न मारता अर्धा तास खेळला, दोन. संध्याकाळी त्या चिंचोक्यांवर काय मिळेल ते आधीच ठरलेलं असावं, आणि ते पैशाचं असायलाच हवं असं नाही. बाबांच्या गाडीवरून एक चक्कर, रात्री भाजी कुठली ते ठरवायचा मान, झोपताना एक जास्तीची गोष्ट. पहिले एक-दोन आठवडे चिंचोके फक्त द्यायचे, काढून घ्यायचे नाहीत. मोठ्या मुलाला चिंचोके बाळबोध वाटतात, त्याला वहीत गुण लिहून दिले तरी चालतात.

किरकिर, तोंड वेडंवाकडं करणं, पाय आपटणं असल्या किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. इथं एक धोक्याची सूचना प्रत्येक पालकाला आधीच द्यायला हवी: दुर्लक्ष सुरू केलं की वागणं आधी बिघडतं. आजवर रडलं की मिळत होतं, आज मिळालं नाही, तर पोर दुप्पट रडून बघणारच. चौथ्या दिवशी आजी कळवळून बिस्किटाचा पुडा हातात ठेवते, आणि पोरगं शिकतं की चार दिवस लावून धरलं की मिळतं. पालक-प्रशिक्षण फसतं ते बहुधा याच वळणावर. म्हणून वर्गात आजी हवी, आणि बाप तर हवाच.

मारहाण, वस्तू फोडणं यांना मात्र दुर्लक्ष लागू नाही. त्यासाठी टाइम-आउट असतो. थोडा वेळ, साधारण वयाच्या दर वर्षाला एक मिनिट, एका ठरलेल्या कंटाळवाण्या जागी बसवणं. छोट्या घरात वेगळी खोली नसते आणि तिची गरजही नाही. कोपऱ्यात टाकलेला पाट पुरतो. दाराबाहेर उभं करणं, अंधारात कोंडणं, शेजाऱ्यांसमोर अपमान करणं यांचा या उपचाराशी काही संबंध नाही. आणि टाइम-आउट सगळ्यांत शेवटी शिकवतात. ज्या घरात मुलाला आई-बापांजवळ असण्यात सुखच उरलेलं नाही, तिथं त्याला थोडा वेळ बाजूला बसवून काय साधणार?

बाहेर जाण्याचंही शिक्षण असतं. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धरामेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत पाळणे, दुकानं, गर्दी, कर्कश पिपाण्या. अशा मुलासाठी ती मोठीच परीक्षा. आत शिरण्याआधी बाजूला थांबून तीन गोष्टी ठरवायच्या: हात सोडायचा नाही, एकच खेळणं घ्यायचं, निघताना रडायचं नाही. ते त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि अध्येमध्ये दर थोड्या वेळानं आठवण करून शाबासकी द्यायची. घरी आल्यावर बोलणी खाऊ घालण्यापेक्षा आधीची ही दोन मिनिटं कितीतरी उपयोगी पडतात.

हा सगळा अभ्यासक्रम आठवड्यातून एकदा, साधारण आठ ते बारा बैठकांचा असतो. एकेकट्या कुटुंबाबरोबर करता येतो, सात-आठ कुटुंबं एकत्र बसवूनही करता येतो. गटात एक जास्तीचा लाभ असतो: आपल्याच घरात हे चालतं असं वाटणाऱ्या आईला शेजारची आई भेटते.

याचा उपयोग किती? एडीएचडीची जी मूळ लक्षणं, विस्कळीत लक्ष आणि चुळबुळ, त्यांच्यावर पालक-प्रशिक्षणाचा परिणाम मर्यादित आहे. कुणाला प्रशिक्षण मिळालं हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकांनी मुलांना तपासलं, तेव्हा या लक्षणांमधला फरक अगदी थोडा दिसला. उद्धटपणा, हुज्जत, घरातली रोजची भांडणं आणि पालकांचं स्वतःचं वागणं यांच्यात मात्र सुधारणा स्पष्ट दिसते. वर ज्या ५७९ मुलांचा उल्लेख केला, त्यांच्यावरच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चौदा महिन्यांनंतर मूळ लक्षणांसाठी औषध सरस ठरलं. औषधाबरोबर वर्तन-उपचारही मिळालेल्या मुलांना कमी मात्रा पुरली. तीन वर्षांनंतर या गटांमधला फरक उरला नव्हता, म्हणजे कुठलाही उपचार एकदाच घेऊन सोडून देण्याचा नाही. कुठला उपचार आधी, याचा वयानुसार क्रम ठरला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी आधी पालक-प्रशिक्षणच सांगते. ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वंही पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हेच सांगतात. सहा वर्षांनंतर गरजेप्रमाणे औषध जोडीला येतं. मेथिलफेनिडेटसारखं औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिलं, तर त्याला घाबरण्याचं कारण नाही. आणि गोळी सुरू झाली म्हणून घरातलं शिक्षण थांबवण्याचंही नाही.

आता कुंभारीबद्दल. इथल्या विडी कामगारांच्या घरांत मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलतात, उर्दूही बोलतात. इंग्रजीतून भाषांतर केलेलं मराठी पत्रक हातात देऊन इथं काम होणार नाही. हा उपचार बोलण्याचा आहे आणि आई ज्या भाषेत पोरावर ओरडते, त्याच भाषेत तिला न ओरडता सांगायला शिकवावं लागेल. वर्ग सकाळी अकराला ठेवला, तर आईची रोजची मजुरी बुडेल आणि ती दुसऱ्यांदा येणार नाही. माल देण्या-घेण्याच्या वेळा बघून वसाहतीतच बैठक घेतली, तर येईल. शिकवायला प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवेत असंही नाही. समाजसेवक, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांना नीट तयार केलं आणि पाठीशी डॉक्टर राहिले, तर हे काम ते उत्तम करतील, अशी माझी खात्री आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतल्या मुलांच्या तपासणीत एडीएचडीचा समावेश आहेच. मूल सापडल्यावर त्याला पाठवायचं कुठं आणि त्याच्या आईला शिकवायचं कुणी, ही पुढची साखळी गावोगाव जोडायला हवी. वर्गात गप्प बसवण्यासाठी छडी उचलणाऱ्या शिक्षकांना मी एवढंच सांगेन, की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी घातली आहे. आणि या मुलांवर छडीचा उपयोग होत असता, तर ती कधीच सरळ झाली असती. कारण मार त्यांनी इतरांपेक्षा कितीतरी जास्त खाल्लेला असतो.

आणि ज्या घरात असं मूल आहे, त्या घरातल्या बापाला एक विनंती. दवाखान्यात बहुतेक वेळा आई एकटीच येते. ती शिकून घरी जाते, रात्री तुम्ही तिला खोटं पाडता, आणि आठवड्याची मेहनत मातीत जाते. एक दिवसाची सुट्टी काढा आणि बरोबर जा. कुंभारीचं रुग्णालय, सोलापूरचं सिव्हिल किंवा तुमच्या गावाजवळचं कुठलंही वैद्यकीय महाविद्यालय असो, बालरोग किंवा मानसोपचार विभागात केसपेपर काढा. जाणं जमत नसेल, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथं मराठीतून बोलता येतं.